दस्ता वाकवणाऱ्यांचं दुकान

बंदुकीच्या दुकानात आलेला माणूस दोन गोष्टी केल्याशिवाय परत जात नाही. एक तर टांगलेल्या प्रत्येक बंदुकीला हात लावून पाहतो, आणि दुसरं म्हणजे आपली एखादी गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत बहुतेक वेळा एक रानडुक्कर असतं आणि दर खेपेला ते थोडं मोठं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात, किसनराव वस्तादांच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं काढली. किती डुकरं ऐकली असतील ते तुम्हीच पाहा. ती मी सांगणार नाही. आमच्या डोळ्यांसमोर जे घडलं तेवढंच सांगतो, आणि तेही कमी नाही. लाकडाचा भुसा संध्याकाळी झाडून टाकता येतो, हे झाडून जात नाही.

आधी आमचं काम काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही आम्हाला देशी कट्टे बनवणारे समजाल. पुष्कळांनी समजलं आहे. माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी खास माणूस पाठवून चौकशी केली होती.

बंदुकीचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात, तो दस्ता. कंपनीतून दस्ता येतो तो सगळ्यांसाठी एकसारखा. माणसं काही एकसारखी नसतात. कोणाची मान आखूड, कोणाचा गाल भरलेला, कोणाचा खांदा उतरलेला. दस्ता गालाला टेकवला की डोळा बरोबर दोन नळ्यांमधल्या पट्टीवर आला पाहिजे. दोन सूत, म्हणजे पाव इंच, इकडेतिकडे झालं की नेम गेला. मग दस्ता वाकवावा लागतो. दस्ता जिथे बारीक होतो त्या भागाला आम्ही मान म्हणतो. मानेला सुती फडकं गुंडाळायचं, त्यावर पळीपळीनं तासभर कढत जवसाचं तेल सोडायचं, लाकूड आतपर्यंत तापलं की शिकंज्यात धरून त्याचा स्क्रू हळूहळू आवळायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी जातीचा वाढई, म्हणजे सुतार, रंधा हातात घेऊनच मोठा झालो, तरी मला शिकायला सहा वर्षं लागली.

*

जवसाचं तेल तापलं की गल्लीभर वास सुटतो. एकदा कलेक्टर कचेरीतले नवे साहेब दुकानाच्या तपासणीला आले. वस्ताद पाठमोरे, कढईसमोर बसलेले, हातात पळी. साहेब दारातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "हे बंदुकीचं दुकान ना? मग तळताय काय?"

वस्तादांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "बंदूक."

साहेबांना विनोद कळला नाही की फार चांगला कळला, ते माहीत नाही. त्यांनी वहीत शेरा मारला, की सदर दुकानात विनापरवाना खाद्यपदार्थ तळण्यात येतात. त्या शेऱ्याचा खुलासा करायला मी कचेरीच्या तेरा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला नवा बाबू भेटायचा आणि जवसाच्या तेलात काय तळतात, हेच पहिल्यांदा विचारायचा.

वस्ताद एकदाही आले नाहीत. म्हणाले, "तुले बोलता येते, गजा. मी गेलो तं एका शब्दात जवाब देईन अन् दुकान बंद पडन."

*

माप घ्यायची आमची पद्धत पाहून पहिल्यांदा आलेला माणूस घाबरतोच. गिऱ्हाइकानं डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा. मग डोळा उघडून सरळ वस्तादांच्या डोळ्यावर नेम धरायचा. वस्ताद पाच पावलांवर समोर उभे. बुबुळ पट्टीच्या मधोमध आहे, की डावीकडे गेलंय, की खाली बुडलंय, हे तिथूनच दिसतं. बाकीची मापं फुटपट्टीनं घेता येतात, हे एक माप नळीसमोर उभं राहूनच घ्यावं लागतं.

अर्थात बंदूक रिकामी. आधी गिऱ्हाईक उघडून दाखवणार, मग मी पाहणार, मग वस्ताद. तिघांनी 'रिकामी' म्हटल्याशिवाय कोणी समोर जायचं नाही. अर्ध्या वऱ्हाडानं आमच्यावर अशी बंदूक रोखून झालेली आहे.

वस्ताद म्हणायचे, "माणूस कसा हाये ते पाह्यचं असन तं त्याच्या बंदुकीसमोर उभं राह्य. तिथं डोळा लपवता येत नाही."

दुकानात एका शब्दाला मात्र बंदी होती. अंदाज. मी तिसऱ्या वर्षाला होतो. वस्ताद मूर्तिजापूरला लग्नाला गेलेले आणि एका घाईतल्या गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं, की माझी मान लांब आहे आणि गाल बेताचा आहे, करून ठेवा. मी केलं. तेलही पुरतं तापू दिलं नाही. शिकंज्याचा शेवटचा अर्धा फेरा घेतला आणि दस्त्याची मान कट्‌कन मोडली. वस्ताद आले, त्यांनी ते दोन तुकडे पाहिले, शिवी दिली नाही. मोठ्या तुकड्यावर खडूनं 'अंदाज' असं लिहिलं आणि मी जिथे बसायचो त्याच्या बरोबर समोर भिंतीला टांगला. अक्षरं पुसट झाली की स्वतः गिरवायचे. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा त्यालाही हळदकुंकू लागायचं. पंचवीस वर्षं मी त्या शब्दासमोर बसून जेवलो.

*

बाळापूरचे देवमनराव म्हणजे घरची तीस एकर काळी जमीन, मोठा आवाज आणि उजव्या गालात कायम खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला हा खर्रा तोंडात नसला तर आमच्याकडे माणूस आजारी आहे असं समजतात. देवमनरावांकडे डुकरं मारायचा परवानगीचा कागद होता आणि बापाची दुनळी होती. वस्तादांनी माप घेतलं, आम्ही दस्ता तीन सूत उजवीकडे वाकवला, देवमनराव खूश होऊन गेले.

पंधरा दिवसांनी परत आले ते गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत. म्हणे, एकूण एक बार डुकराच्या उजवीकडून जातो.

"डुकरं बी समजून गेले, वस्ताद. आता माह्या डाव्या हातानंच निंगतेत."

वस्तादांनी त्यांना परत उभं केलं, समोर गेले, आणि बघतच राहिले. बुबुळ भलतीकडेच होतं. मग त्यांचं लक्ष गालाकडे गेलं.

"तोंड रिकामं काहून आज?"

"शनवार हाये ना. मारुतीचा वार, मी खात नाही."

"अन् माप घेतलं तवा?"

देवमनरावांनी आठवून सांगितलं, "बुधवार होता."

"मंग बुधवारीच डुक्कर मारत जा," वस्ताद म्हणाले.

दस्ता पुन्हा तापवून मागे आणला. त्या दिवसापासून दुकानाच्या दाराशी एक पितळी पिकदाणी आली. आधी थुंकायचं, मग माप. देवमनरावांना ते पटलं नाही. डुक्कर समोर आलं की आधी थुंकायचं आणि मग बार काढायचा, तोवर डुक्कर काय थांबतं का, असं त्यांचं म्हणणं. वस्ताद त्यांना म्हणाले, मग सोडून दे खर्रा. त्यावर दोघंही हसले, कारण वस्तादांच्या स्वतःच्या गालात त्या वेळी होताच.

*

आता एका पुढाऱ्यांचा किस्सा. नाव सांगत नाही, तुम्हाला कोणीही वाटले तरी चालतील.

हे आले ते चार गाड्या घेऊन. आम्ही तिघांनी बंदूक पाहिली, रिकामी म्हटलं, आणि साहेबांनी वस्तादांच्या डोळ्यावर नेम धरला. तेवढ्यात त्यांच्याच एका कार्यकर्त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. साहेब रुबाबदार दिसत होते म्हणून काढला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुपारी तो ग्रुपवर पडला. चार वाजेपर्यंत सगळ्या जिल्ह्यात एकच बातमी, की अमुक साहेबांनी जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्यावर भरदिवसा बंदूक रोखली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भीती कशी दिसते हेही लोकांनी लिहिलं. ती भीती नव्हती. वस्ताद बारीक पाहायचं असलं की तोंड तसं करायचे.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सील लागलं. मी साहेबांना फोन लावत राहिलो, तो उचललाच गेला नाही. संध्याकाळी साहेब कोणत्याशा चॅनलवर म्हणाले, की मी त्या माणसाला ओळखत नाही, त्या दुकानात कधी गेलेलो नाही आणि तो व्हिडिओ विरोधकांनी बनवलेला आहे.

ठाण्यात मी अकरा दिवस बसलो. माप कसं घेतात ते एका फौजदाराला समजावलं, त्यांना पटेना, म्हणून त्यांचीच रिकामी बंदूक त्यांना माझ्यावर रोखायला लावली. त्यांचं बुबुळ माझ्या बाजूनं अडीच सूत डावीकडे होतं. मी सांगितलं की साहेब, तुमचा नेम उजवीकडे जात असणार. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले की हे बाहेर बोलू नका. बाराव्या दिवशी सील निघालं.

तेराव्या दिवशी तेच पुढारी मागच्या दारानं आले, गॉगल लावून, आपली बंदूक न्यायला. वस्तादांनी विचारलं, "आपण कोण?"

पण मला हा किस्सा त्यासाठी आठवत नाही. सील निघालं त्या संध्याकाळी वस्तादांनी चहा मागवला आणि म्हणाले, "गजा, हे दुकान तूच वाचवलं. पुढच्या नूतनीकरणात लायसनवर तुहं नाव टाकतो."

ह्याचा अर्थ तुम्हाला कळावा म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात लायसन माणसाच्या नावावर असतं. ते नाव गेलं की दुकान गेलं. माझं नाव त्यावर नसेल तर उद्या वस्तादांना काही झालं की मी कोणाची बंदूक हातातसुद्धा धरू शकत नाही, मग हात कितीही तयार असू दे. आणि दस्ता वाकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. खुर्च्या-टेबलं करायचं मी केव्हाच विसरलो. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली.

*

निवडणूक जाहीर झाली की सगळ्या लायसनवाल्यांना आपापल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. ठाण्यात त्यांच्यासाठी वेगळी जागा कुठून असणार? मोडक्या खुर्च्या आणि जप्तीच्या सायकली असलेल्या खोलीत त्यांची मोळी बांधून ठेवतात. छत गळत असतं. दोन-तीन महिन्यांनी बंदुका परत मिळतात तेव्हा एकेकीचा दस्ता असा झालेला असतो की नेम धरला तर स्वतःचाच कान दिसावा. वस्ताद त्या मोळीकडे पाहून म्हणायचे, "आपल्याले तेल लागते, शिकंजा लागते. यायले नुसती दोरी पुरते."

गेल्या खेपेला मोर्शीकडचे एक संत्र्याचे बागायतदार आले. दोन महिने बंदूक ठाण्यात आणि इकडे डुकरांनी ठिबकच्या नळ्या चावून बागेची नासाडी केलेली. ते ठाण्यात अर्ज घेऊन गेले होते, की निदान हवेत बार काढायला तरी बंदूक द्या. तिथल्या हवालदारानं सांगितलं, की काका, आचारसंहिता आहे, काही करता येत नाही.

"म्या त्याले म्हटलं," ते काका आम्हाला सांगत होते, "तुह्यं बरोबर हाये बापा. पण डुकराईले कोणी सांगतलं नाही ना."

*

वस्तादांना एकच मुलगी, अमरावतीला दिलेली. जावईबापूंचं तिथे खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, ट्रॅकसूट, कॅरम, आणि अलीकडे नेमबाजीच्या एअर रायफली. माणूस वाईट नाही. माझ्याशी नेहमी 'काका' म्हणून बोलतो. पण लाकडाला हात लावला की लगेच रुमालाला पुसतो, हे मी पहिल्या भेटीतच पाहिलं होतं.

एकदा ते एका मुलीला घेऊन आले. श्रावणी नाव, कॉलेजात जाणारी, विभागीय स्पर्धेत उतरणार होती. तिची नवी रायफल वस्तादांना दाखवायची होती. त्या रायफलीला लाकूडच नव्हतं. सगळी निळी ॲल्युमिनियमची, आणि गाल टेकवायच्या जागी रबराची गादी. श्रावणीनं खिशातून एक छोटी किल्ली काढली, दोन आटे फिरवले, गादी वर आली. आणखी एक फिरवला, गादी डावीकडे सरकली.

वस्तादांनी विचारलं, "झालं?"

"हो आजोबा."

"तापवा लागत नाही?"

ती हसली. तिचा काही दोष नव्हता. वस्तादांनी ती किल्ली मागून घेतली आणि गादी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग रायफल तिच्या हातात परत देऊन म्हणाले, "हे तं न्हाव्याची खुर्ची हाये, बाई."

आम्ही सगळे हसलो. जावईबापू सगळ्यांत जास्त हसले. त्या आठवड्यात वस्तादांनी तेल तापवलंच नाही, आलेली दोन कामं मीच केली.

*

देवमनराव बऱ्याच वर्षांनी परत आले ते ऐन वैशाखात गळ्यातोंडाला मफलर गुंडाळून. बरोबर त्यांची बायको. मी ओळखलंच नाही, कारण आवाज आला नाही.

त्यांनी मफलर सोडला. उजवा गाल नव्हता. नागपूरला ऑपरेशन झालं होतं आणि त्या बाजूचं जबड्याचं हाड काढून टाकलं होतं. बोलता येत नव्हतं, बाई बोलत होत्या. म्हणाल्या, दस्ता टेकवायला जागाच राहिली नाही, तर तुमच्याकडून काही होते का पाहा. शेतात जायचं, डुकरं हाकलायची, याच्याशिवाय दुसरं काही आता ते मागत नाहीत.

तिघांनी बंदूक पाहिली. वस्ताद समोर उभे राहिले. इतका वेळ त्यांना नळीसमोर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "चार सूत. डावीकडं."

हा दस्ता दोनदा वाकवून झालेला होता. तिसऱ्यांदा लाकूड बहुधा सोडून देतं. आम्ही तासाऐवजी तीन तास तेल सोडलं, मी पळी आणि ते शिकंज्यावर, आणि दोन दिवस पाव-पाव फेरा घेत गेलो. मोडला नाही. तिसऱ्या दिवशी देवमनरावांनी बंदूक धरली आणि डोळा पट्टीवर आला.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, सावकाश काहीतरी टाइप केलं आणि वस्तादांपुढे धरलं. मीही वाचलं.

'आता रोजच शनवार हाये.'

वस्तादांनी खिशातली खर्ऱ्याची पुडी त्या दिवशी काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काढली.

*

नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून फोटो काढून आणले. आधारची झेरॉक्स, चारित्र्याचा दाखला, सगळं एका फायलीत लावून वस्तादांना दिलं. कचेरीतल्या खेपा या वेळी जावईबापूंनी केल्या, त्यांची तिथे ओळख होती. मला बरंच वाटलं, म्हटलं तेवढाच वेळ वाचला.

दीड महिन्यानं वस्ताद नवं लायसन फ्रेम करूनच घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "टांग हे." भिंतीवर जागा एकच उरली होती, त्या मोडक्या दस्त्याच्या शेजारी. मी खिळा ठोकला, फ्रेम अडकवली, आणि वाकडी तर नाही ना म्हणून दोन पावलं मागे सरून पाहिलं. तेव्हा वाचलं. वर वस्तादांचं नाव आणि खाली भागीदार म्हणून जावईबापूंचं.

मी म्हटलं, "वस्ताद, माह्यं?"

ते कानशीनं काहीतरी घासत होते. हात थांबला नाही. "घरचा माणूस हाये तो, गजा. पोरीचं बी पाहा लागते."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, इतका राग मला जन्मात आला नव्हता. खिळा ठोकलेली हातोडी अजून माझ्या हातात होती. आणि मी काय केलं? एका माणसाला दुसऱ्या दिवशी बंदूक द्यायची होती, म्हणून तेल तापवायला ठेवलं.

पुढच्या महिन्यात जावईबापूंनी दुकान पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की काका, तुम्ही राहा, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती करत चला. पण हे वाकवण्याचं आता बंद करू. तेलाच्या वासानं गिऱ्हाईक आत यायला बघत नाही.

*

त्यानंतर पाच महिन्यांनी वस्तादांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी बाजू उतरली. जीभ जड झाली, पण बोललेलं कळत होतं. मी दोनदा घरी जाऊन आलो. लायसनचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

एका दुपारी काकू, म्हणजे वस्तादांची बायको, त्यांना ऑटोत घालून दुकानात घेऊन आल्या. जावईबापू अमरावतीला होते. वस्तादांच्या मांडीवर त्यांची स्वतःची दुनळी होती. तिचा दस्ता त्यांनी स्वतःसाठी वाकवला तेव्हा मी दुकानात नवाच होतो. पळी पहिल्यांदा माझ्या हातात दिली ती त्याच दस्त्यावर.

"उजवा खांदा गेला," वस्ताद म्हणाले. "डाव्याचं करून दे."

मी म्हटलं, आता वाकवायचं बंद आहे. त्यांनी फक्त कोपऱ्यात फळीवर ठेवलेल्या कढईकडे पाहिलं. मग मी ती खाली काढली, पुसली आणि तेल ठेवलं. काकूंनी नाकाला पदर लावला आणि त्या बाहेर ऑटोवाल्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मी बंदूक उघडून पाहिली, रिकामी म्हटलं. त्यांनी पाहिली, रिकामी म्हटलं. तिसरं म्हणायला कोणी नव्हतं. त्यांना एक हात पुरणार नाही म्हणून नळी शिकंज्याच्या गादीवर टेकवून दिली आणि दस्ता त्यांच्या डाव्या खांद्याला लावला. त्यांनी डोळे मिटले, गाल टेकवला. मी मोजून पाच पावलं गेलो आणि वळलो. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्या बंदुकीसमोर पहिल्यांदा उभा राहिलो होतो. त्यांच्या डोक्यावर मागच्या भिंतीवर ती फ्रेम होती आणि शेजारी तो मोडका दस्ता. त्यावरचा खडू कोणी बरेच दिवस गिरवला नव्हता.

मी म्हटलं, "उघडा डोळा."

त्यांनी उघडला नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हटलं, "वस्ताद, माह्या डोळ्यावर नेम धरा. बुबुळ दिसल्याबिगर माप कसं घेऊ?"

गाल दस्त्यावर तसाच. डोळा मिटलेलाच. मी विचारलं, "डोळ्याले काही झालं काय?"

"नाही," ते म्हणाले.

"मंग?"

कढईतलं तेल तापलं होतं, वास सुटला होता. बाहेर ऑटोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"अंदाजानं वाकव," वस्ताद म्हणाले.